एकट्याचे पहिले उड्डाण

प्रत्येक वैमानिकाजवळ एक नोंदवही असते. तीत उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार आणि हवेत घालविलेला वेळ यांची नोंद होते. हा वेळ वेगवेगळ्या रकान्यांत लिहावा लागतो. प्रशिक्षक बरोबर असताना केलेले उड्डाण एका रकान्यात आणि एकट्याने केलेले दुसऱ्या. या दुसऱ्या रकान्यात पडणारा पहिला आकडा बहुधा अगदी क्षुल्लक असतो. पाच मिनिटे, फार तर दहा. पुढे हजारो तासांचा अनुभव गाठीस असलेल्या वैमानिकासही हा आकडा मात्र पाठ असतो.

मुंबईनजीक जुहू येथे १९२८ साली विमानतळ सुरू झाला. तेथील बॉम्बे फ्लाइंग क्लबात नाव घालणाऱ्या पहिल्या काही विद्यार्थ्यांमध्ये चोवीस वर्षांचे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा हे होते. त्यांचे बालपण काही अंशी फ्रान्समध्ये गेले होते. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारा लुई ब्लेरिओ हा हार्डलो येथील समुद्रकिनाऱ्यावर टाटा कुटुंबाचा शेजारी होता. त्याची विमाने त्या वाळूवर उतरत आणि तो मुलगा ती पाहत उभा राहत असे. जुहूला प्रशिक्षकाबरोबर पुरते चार तासही उड्डाण झाले नव्हते, तोच त्यांना एकट्याने विमान नेण्याची परवानगी मिळाली. त्यानंतर १० फेब्रुवारी १९२९ रोजी ‘एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा’ने त्यांना वैमानिकाचे प्रमाणपत्र दिले. भारतात दिल्या गेलेल्या अशा प्रमाणपत्रांतले ते पहिले असल्याने त्याच्यावर क्रमांक पडला तो १.

चार तासांपेक्षाही कमी! आजच्या एखाद्या उड्डाणशाळेत इतक्या अल्प अनुभवावर विद्यार्थ्यास एकटे सोडण्यास कोणी धजावणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण तो काळ आणि ते विमान ही दोन्ही निराळी होती. जुहूला वापरात असलेले ‘मॉथ’ हे डी हॅविलँड कंपनीचे दुपंखी विमान लाकडी सांगाड्यावर कापड ताणून बनविलेले होते. त्यात एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका होत्या. त्यास चाकांचे ब्रेक नव्हते आणि रेडिओही नव्हता. जमिनीवर उभा राहून कोणीतरी पंखा हाताने फिरवी, तेव्हा इंजिन सुरू होई. असे विमान जमिनीवर टेके तेव्हा त्याचा वेग आजच्या रस्त्यावरील मोटारीइतकाच असे. त्यामुळे शिकाऊ वैमानिकाची चूक पुष्कळदा मोडक्या चाकावर निभावत असे. पुष्कळदा, नेहमीच नव्हे.

विमानविद्येच्या अगदी आरंभी ‘एकट्याचे पहिले उड्डाण’ असा वेगळा प्रसंगच नव्हता, कारण पहिल्या दिवसापासून विद्यार्थी एकटाच असे. ब्लेरिओच्या शाळेतील विमानांत एकच बैठक होती. तेथे शिक्षक जमिनीवर उभा राहून सूचना देई. विद्यार्थी प्रथम तोकड्या पंखांचे, उडूच न शकणारे विमान मैदानावर पळवीत असे, नंतर सरळ रेषेत लहानशा उड्या मारी आणि सर्वांत शेवटी वळण्यास शिके. पहिल्या महायुद्धात या पद्धतीतील उणिवा फार महाग पडल्या. तेव्हा रॉबर्ट स्मिथ-बॅरी या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१७ साली गॉस्पोर्ट येथे नवी पद्धत रूढ केली. तिच्यात दोघांच्याही हाती नियंत्रणे असत आणि शिक्षकाचा आवाज एका नळीतून विद्यार्थ्याच्या कानापर्यंत पोहोचे. विद्यार्थ्यास अवघड प्रसंगांपासून दूर ठेवू नये, तर त्यांत मुद्दाम घालून त्यांतून बाहेर पडणे शिकवावे, हा तिचा गाभा होता. शिक्षक अशा रीतीने विमानात येऊन बसला म्हणूनच त्याने एके दिवशी विमानातून उतरणे ही मोठी घटना ठरली.

मॉथमध्ये शिक्षक पुढील बैठकीवर बसे आणि विद्यार्थी मागील. यामागे विचार होता. पुढील बैठक विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ असल्याने ती रिकामी झाली तरी तोल बिघडत नाही. शिवाय एकट्याने उडतानाही विद्यार्थी आपल्या नेहमीच्याच जागी असतो. उतरलेला शिक्षक रिकाम्या बैठकीचे पट्टे घट्ट बांधून ठेवतो. हवेत ते सुटले आणि पुढच्या नियंत्रणदांड्यात अडकले, तर ते सोडविण्यास तेथे कोणी नसते.

मग विद्यार्थी वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करतो. विमान पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या बळावर उचलले जाते. समोरून वारा असेल तर जमिनीवर कमी धावूनही ते उडू शकते. जुहूला दुपारी समुद्राकडून वारा येतो, म्हणून नाक पश्चिमेकडे करावे लागते. येथेच पहिला धक्का बसतो. माणूस आणि इंधन यांसह मॉथचे वजन जेमतेम साडेसातशे किलोग्रॅम. एक प्रौढ माणूस उतरला म्हणजे त्याचा सुमारे दहावा हिस्सा कमी झाला. विमान अपेक्षेच्या आधीच जमीन सोडते आणि अधिक वेगाने वर चढते. ज्या खुणेवर दरवेळी पाचशे फुटांची उंची गाठली जाई, तेथे आज विमान त्याहून वर असते.

पुढील फेरी सोपी आहे. वळायचे, मैदानाला समांतर उलट दिशेने जायचे, पुन्हा दोनदा वळायचे आणि उतरायचे. सरळ उडणारे विमान बहुधा आपले आपणच सांभाळून घेते. धोका असतो तो शेवटच्या वळणात. मैदान मागे पडते की काय या भीतीने विद्यार्थी विमान जोराने वळवितो, नाक वर ओढतो आणि वेग घटतो. वेग एका मर्यादेखाली गेला की पंखांवरील हवेचा प्रवाह तुटतो, एक पंख खाली कोसळतो आणि विमान गिरकी घेत पडू लागते. उंचीवर ही गिरकी सावरता येते, पण तीन-चारशे फुटांवर तेवढा अवकाश नसतो. याच जागी पुढील बैठकीवरून एरवी एखादा शब्द आला असता. तो शब्द आता विद्यार्थ्याने स्वतःच स्वतःला सांगावयाचा असतो. जमिनीलगत हलके झालेले विमान टेकायला तयार नसते, तरंगत राहते. घाई करून दांडा पुढे लोटणारा आपटतो आणि थांबणारा उतरतो.

या सर्व काळात खाली मैदानावर उभ्या असलेल्या माणसाकडे कोणाचे लक्ष नसते. वास्तविक ही परीक्षा त्याचीही असते. विद्यार्थ्यास आज सोडावे की आणखी एक दिवस थांबावे, हे त्या काळी तासांच्या हिशेबाने ठरत नसे, त्याच्या एकट्याच्या पारखीने ठरे. नियम वाढले तरी आजही हा निर्णय प्रशिक्षकाचाच असतो. चांगले प्रशिक्षक विद्यार्थी बिनचूक उडतो की नाही हे पाहत नाहीत. आपली चूक त्याच्या स्वतःच्या ध्यानात येते की नाही, हे पाहतात.

जुहूनंतर काही वर्षांतच हा प्रसंग इतरही मैदानांवर घडला. १९३६ साली लाहोरला एकवीस वर्षांच्या सरला ठकराल साडी नेसून जिप्सी मॉथच्या बैठकीवर चढल्या आणि एकट्याने उडाल्या. घरी त्यांची लहान मुलगी होती. पुढे त्यांनी हजारावर तास उड्डाण केले. व्यावसायिक परवान्यासाठी त्या जोधपूरला शिकत असताना दुसऱ्या महायुद्धामुळे नागरी प्रशिक्षण थांबले आणि तो परवाना त्यांना मिळालाच नाही. फाळणीने लाहोरही गेले. त्या दिल्लीला आल्या, आणि लाहोरच्या ऐवजी पंजाबसाठी चंदीगडला नवी राजधानी, तिच्यातील कॅपिटल कॉम्प्लेक्ससह, उभी करावी लागली.

टाटांच्या रकान्यातील आकडे मात्र वाढत गेले. इंग्लंड व भारत यांमधील अंतर एकट्याने कापणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखानांनी पाचशे पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्यासाठी ते मे १९३० मध्ये कराचीहून निघाले. इजिप्तमध्ये अबुकीर येथे त्यांना समोरून येणारे प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर भेटले. स्पार्क प्लगवाचून ते अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले. पारितोषिक इंजिनिअर यांना मिळाले. हेच तरुण पुढे भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ विमानातून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. भारतीय हवाई टपालसेवेचा हा आरंभ होता. बरोबर पन्नास वर्षांनी, १९८२ साली त्याच तारखेस, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनी जुन्या लेपर्ड मॉथमधून हाच प्रवास पुन्हा केला. त्या दिवशीची नोंदही एकट्याने केलेल्या उड्डाणांच्या रकान्यातच जाणारी होती.