अ‍ॅझिथ्रोमायसिनची लाट

कोरोना हा विषाणू; अँटिबायोटिक मारतं जिवाणूंना. तरीही २०२० मध्ये ताप-खोकल्याच्या रुग्णाला डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवर अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सर्रास दिसू लागलं.

त्याला हातभार लावला फ्रान्समधल्या मार्सेच्या मार्च २०२० मधल्या अभ्यासाने; हे औषध कोरोनावर उपयोगी पडतं, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यात रुग्ण अवघे ३६ आणि मलेरियावरच्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसोबत अ‍ॅझिथ्रोमायसिन मिळालेले फक्त ६. (तो शोधनिबंध पुढे मागे घेतला गेला, पण थेट डिसेंबर २०२४ मध्ये!)

भारतातल्या खासगी औषधविक्रीचा हिशेब जुलै २०२१ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये छापून आला. २०२० ची एकूण अँटिबायोटिक विक्री आधीच्या दोन वर्षांपेक्षा किंचित कमीच होती. टाळेबंदीत दवाखान्याची पायरी चढतंय कोण? पण साथ चढत गेली त्या जून ते सप्टेंबरमध्ये कोरोनामुळे अंदाजे २१.६४ कोटी डोस जादा खपले. एकट्या अ‍ॅझिथ्रोमायसिनचे जादा डोस ३.८ कोटी.

घरीच उपचार घेणाऱ्या, जोखमीच्या वयातल्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिनची ‘प्रिन्सिपल’ चाचणी झाली. या गोळीने दुखणं लवकर बरं होत नाही, हे तिथे जानेवारी २०२१ मध्येच स्पष्ट झालं होतं. भारतात दुसरी लाट त्यानंतर आली, तेव्हाही ही गोळी अनेक चिठ्ठ्यांवर होतीच.