क्षयाच्या औषधांचा निवाडा: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

रोगाचे कारण एकदा हाती लागले की त्याचे औषध आता फार दूर नाही, अशी एक भाबडी समजूत सुशिक्षितांतही इतकी रूढ आहे की वर्तमानपत्रात एखाद्या जंतूचा किंवा जनुकाचा शोध छापून आला की चार दिवसांत दवाखान्यात त्याच्या गोळ्यांची विचारणा सुरू होते. या समजुतीचा फोलपणा पाहायचा असेल तर क्षयरोगाच्या इतिहासाइतका स्पष्ट दाखला दुसरा सापडणार नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनच्या विद्वत्सभेपुढे क्षयाचा जंतू सिद्ध करून दाखविला. अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन परतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यास याच रोगाने निवर्तल्या, तेव्हा त्या जंतूची माहिती जगाला होऊन पाच वर्षे होत आली होती. त्याच्यावर खरोखर चालणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, न्यू जर्सीतील रट्गर्स येथे वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ यांच्या हाती लागले ते १९४३ साली. म्हणजे कारण कळण्यात आणि उपाय मिळण्यात एकसष्ट वर्षांचे अंतर पडले.

मधल्या काळात उपाय सुचले नाहीत असे मात्र नव्हे; उलट ते उदंड सुचले, आणि त्यांतला सर्वांत गाजलेला खुद्द कॉख यांचाच होता. १८९० साली त्यांनी ट्यूबरक्युलिन नावाचा द्रव क्षयावर गुणकारी असल्याचे सूचित करताच युरोपभरचे रोगी बर्लिनकडे लोटले. शेरलॉक होम्सचा कर्ता कॉनन डॉइल हा स्वतः डॉक्टर. तोही तेथे गेला आणि या औषधाविषयी सबुरीचा इशारा देणारे लेखन करून परतला. इशारा रास्त होता. तो द्रव रोग बरा करीत नाही, काहींच्या बाबतीत तो बळावतो, हे वर्षभरातच उघड झाले. त्याच द्रवाचा शुद्ध केलेला अंश आज मांटू चाचणीत हाताच्या कातडीत टोचतात, आणि निदानापुरता तो आपले काम इमानेइतबारे करतो.

कॉख यांच्यासारख्या साक्षेपी पुरुषाचीही फसगत का व्हावी, या प्रश्नात दुसऱ्या आणि अधिक चिवट गैरसमजाचे मूळ आहे. अमक्याने अमुक घेतले आणि तो बरा झाला, एवढ्या साक्षीवर औषधाचा गुण सिद्ध झाला असे आपण मानतो. परंतु क्षय हा मोठा लहरी रोग आहे. काही रोगी काहीही न करता काही काळ सुधारतात, पुन्हा खालावतात, काही कायमचे बरेही होतात. अशा रोगात ज्याने त्याने आपापल्या आवडीचे औषध द्यावे, धडधाकट दिसणारे रोगी त्यासाठी निवडावेत आणि जे सुधारतील त्यांचे श्रेय आपल्या बाटलीस लावावे, हा शिरस्ता जगभर बिनबोभाट चालू होता. सोन्याचा सॅनोक्रायसिन नावाचा क्षार १९२४ पासून कोपनहेगनमधून निघून मोठमोठ्या इस्पितळांत याच रीतीने प्रतिष्ठा पावला. डेट्रॉइटच्या काही डॉक्टरांनी शेवटी त्याची शहानिशा करायचे ठरविले. चोवीस रोगी घेऊन त्यांचे बारा-बारांचे दोन सारखे गट पाडले, कोणत्या गटास सोने द्यायचे हे नाणे उडवून ठरविले, आणि दुसऱ्या गटाला ऊर्ध्वपातित पाण्याची सुई दिली. १९३१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की सोन्याने रोग हटत नाही, रोग्यास अपाय मात्र होतो. सोने न मिळालेले बारा जण नशीबवान ठरले.

हे नीट ध्यानात घेतले म्हणजे, ज्यांना नवे औषध मिळत नाही त्यांचा बळी दिला जातो, हा जो आक्षेप सर्वांत पोटतिडकीने घेतला जातो त्याचा विचार शांतपणे करता येतो. या आक्षेपाची खरी परीक्षा झाली ती लंडनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्ट्रेप्टोमायसिनवर केलेल्या प्रयोगात. महायुद्धाने ब्रिटनची तिजोरी रिकामी केली होती, औषध अमेरिकेतून डॉलर मोजून आणावे लागे, आणि आलेला साठा रोग्यांच्या संख्येच्या मानाने नगण्य होता. सर्वांना पुरेल एवढे औषध मुळातच नाही, तेव्हा जे आहे ते अशा रीतीने वाटावे की पुढच्या लाखो रोग्यांना निश्चित उत्तर मिळेल, असा विचार कौन्सिलने केला. त्याची संख्याशास्त्रीय मांडणी करणारे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल पहिल्या महायुद्धात क्षयानेच अंथरुणाला खिळले होते. दोन्ही फुप्फुसांत झपाट्याने पसरणारा क्षय झालेले एकशे सात तरुण रोगी निवडले गेले. ज्यांना त्या काळी अंथरुणावर पडून राहण्यापलीकडे दुसरा इलाज नव्हता, असेच रोगी घेण्याचा दंडक होता. हिल यांनी आकड्यांच्या यादृच्छिक कोष्टकावरून आधीच क्रम ठरवून मोहोरबंद पाकिटे तयार केली होती; बाहेर फक्त इस्पितळाचे नाव आणि क्रमांक, आत एक कार्ड. रोगी प्रयोगास योग्य ठरला की त्याच्या क्रमांकाचे पाकीट फोडायचे आणि कार्डावर असेल तसे करायचे. डॉक्टरची दया, वशिला, किंवा ‘हा पोरगा तगेल’ असा अंदाज, यांपैकी कशालाही तेथे शिरकाव नव्हता. पुढे क्ष-किरणांची चित्रे तपासणाऱ्यांनाही कोणते चित्र कोणत्या गटातील रोग्याचे, हे कळू दिले नाही.

सहा महिन्यांनी औषध मिळालेल्या पंचावन्न जणांपैकी चार दगावले होते. नुसत्या विश्रांतीवर असलेल्या बावन्नांपैकी चौदा. १९४८च्या ऑक्टोबरात हे आकडे छापले गेले आणि औषधाचा गुण वादातीत ठरला. पण त्याच तपासणीने जयघोषाला लगाम घालणारी दुसरी गोष्टही दप्तरी नोंदविली. औषध घेणाऱ्या बहुतेकांच्या थुंकीतील जंतू काही आठवड्यांतच त्या औषधाला दाद देईनासे झाले होते. पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा औषधाच्या गटातील बत्तीस आणि दुसऱ्या गटातील पस्तीस रोगी मरण पावले होते. एकटे औषध जंतूला निर्ढावून सोडते, तेव्हा दोन-तीन औषधे एकत्रच द्यावीत, हा जो नियम आज क्षयाच्या प्रत्येक चिठ्ठीत पाळला जातो, त्याची निकड या आकड्यांनी पटविली. तुलनेसाठी दुसरा गट नसता तर पहिल्या सहा महिन्यांचा आनंद तेवढा उरला असता आणि त्याखालचे नुकसान कोणाच्या लक्षात आले नसते.

मात्र या प्रयोगाची एक बाजू आज कोणीही समर्थनीय मानणार नाही. तुलनेच्या गटातील रोग्यांना आपण अशा प्रयोगात आहोत हे सांगितलेच नव्हते. संशयाला वाव द्यायचा तो औषधाविषयी. रोग्याला अंधारात ठेवण्याचा परवाना त्यातून मिळत नाही, आणि लोकांच्या मनात प्रयोगाविषयी जी अढी आहे ती अशाच जुन्या व्यवहारांतून बसली असेल तर तो दोष सर्वस्वी लोकांचा म्हणता येणार नाही.

येथेच आणखी एका प्रवादाचा परामर्श घेणे सोयीचे होईल. प्रयोगात निम्म्या लोकांना साखरेच्या गोळ्या देऊन मरू देतात, असे सर्रास बोलले जाते. लंडनच्या त्या प्रयोगात खोटी औषधे नव्हतीच; दर सहा तासांनी चार महिने कोणाला विनाकारण सुया टोचाव्यात हे आयोजकांना प्रशस्त वाटले नाही. आज ज्या रोगावर सिद्ध उपाय आहे त्या रोगात तुलनेचा गट उपायावाचून ठेवीत नाहीत. त्याला चालू असलेले उपचार पूर्ण मिळतात, आणि नव्या गोळीच्या जागी निरुपद्रवी गोळी दिलीच तर ती त्या उपचारांच्या जोडीला असते.

परीक्षानळीत अमुक अर्काने जंतू मेले, सबब तो अर्क औषध होय, या प्रवादाला फार वेळ देण्याचे कारण नाही. नेहमीच्या परीक्षानळीत पायराझिनामाइड क्षयजंतूचे जवळजवळ काहीच वाकडे करीत नाही. उंदरांत त्याचा गुण दिसला म्हणून ते वाचले, आणि आजच्या सहा महिन्यांच्या उपचारात त्याला मानाचे स्थान आहे. आयसोनियाझिडची हकीकत याहून विलक्षण. प्राग येथे ते १९१२ सालीच तयार झाले होते, पण क्षयावर त्याचा उपयोग चाळीस वर्षे कोणाच्या ध्यानी आला नाही.

आपल्याकडे अधिक खोल रुजलेला समज हवापालटाचा. क्षय म्हणजे पाचगणीची हवा, मिरजेचे आरोग्यधाम, दूध-अंडी आणि संपूर्ण विश्रांती. औषध असेल तर ते नंतर. ज्यांच्या घरी शेत गहाण टाकून रोग्याला डोंगरावर ठेवण्याची तजवीज झाली असेल, त्यांना हा समज किती महाग पडला हे निराळे सांगायला नको. आणि ज्यांच्याजवळ गहाण टाकायलाही काही नव्हते त्यांचा तर प्रश्नच मिटलेला होता. या समजाची रुजुवात लंडनला किंवा न्यूयॉर्कला न होता मद्रासला झाली, ही गोष्ट आपण फारशी आठवीत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांच्या सहकार्याने १९५६ साली तेथे एक केंद्र उघडले आणि शहराच्या गरीब वस्तीतील रोग्यांची चिठ्ठ्यांनी विभागणी झाली. काहींना आरोग्यधामात वर्षभर ठेवले, काहींना तीच औषधे घरी दिली. घरच्यांचे अन्न निकृष्ट, जागा अपुरी, विश्रांती नावापुरती. आरोग्यधामात सारे याच्या उलट. १९५९ साली अहवाल बाहेर आला तेव्हा दोन्हीकडच्या यशात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. आणखी एका धास्तीचेही तेथेच निराकरण झाले. घरी ठेवलेल्या रोग्यांच्या कुटुंबीयांत आरोग्यधामातील रोग्यांच्या कुटुंबीयांपेक्षा क्षय अधिक पसरला नव्हता, कारण मुख्य संसर्ग उपचार सुरू होण्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. खुराक निरर्थक आहे असा याचा अर्थ करू नये. कुपोषण रोगाला आमंत्रण देते आणि उपचारातही अडथळा आणते. पण नियमाने घेतलेल्या औषधाची जागा हवा घेऊ शकत नाही, एवढे त्या गल्ल्यांतील रोग्यांनी जगाला दाखवून दिले, आणि पुढे देशोदेशींच्या आरोग्यधामांतील खाटा रिकाम्या होत गेल्या.

बीसीजी टोचले म्हणजे क्षयाची आयुष्यभराची चिंता मिटली, हाही तसाच एक सुखद भ्रम. मद्रासनजीक चिंगलपट भागात १९६८ पासून लाखो माणसांवर या लशीची कसोटी झाली, आणि प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ती संरक्षण देत नाही असा निराशाजनक निर्णय निघाला. तरीही तान्ह्या मुलांना ती देतात ती योग्यच आहे. मेंदूच्या आवरणाचा आणि सर्वांगात पसरणारा क्षय या दोन मारक प्रकारांपासून ती मुलांचे रक्षण करते. लस एकतर रामबाण नाहीतर थोतांड, या दोन टोकांच्या मध्ये बहुतेक खरे वैद्यक वसलेले असते.

शेवटचा गैरसमज नव्याच्या मोहाचा. सरकारची मान्यता मिळाली म्हणजे औषधाची चौकशी संपली, असे मानणारांनी बेडाक्विलिनचे उदाहरण पाहावे. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी अमेरिकेने ते २०१२च्या डिसेंबरात मान्य केले, तेव्हा मान्यतेच्या आधारभूत प्रयोगात ते घेणाऱ्या एकोणऐंशी जणांपैकी दहा आणि न घेणाऱ्या एक्याऐंशींपैकी दोघे मरण पावल्याची नोंद होती, आणि त्या मृत्यूंत औषधाशी जोडणारा स्पष्ट धागा दिसत नव्हता. म्हणून त्याच्या वेष्टनावर ठळक इशारा छापण्याच्या अटीवर परवानगी मिळाली आणि पुढील तपास चालू राहिला. नंतरच्या वर्षांत अनेक देशांतील रोग्यांच्या नोंदींत ते घेणाऱ्यांचे मृत्यू कमीच आढळले, आणि आज निर्ढावलेल्या क्षयावरील सहा महिन्यांच्या उपचाराचा ते कणा झाले आहे. भारत सरकारनेही २०२४ साली त्या उपचारास मंजुरी दिली. मान्यता हा खटल्याचा एक टप्पा होय. दप्तर त्यानंतरही उघडेच राहते.

आपल्या देशात २०१९ पासून नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या यांचे नियम अंमलात आहेत. त्यांनुसार प्रयोगात घेण्यापूर्वी रोग्याची लेखी संमती त्याला समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते, प्रयोगामुळे इजा झाल्यास उपचार मोफत करावे लागतात व भरपाई द्यावी लागते, आणि रोग्याला कोणत्याही दिवशी, कारण न सांगता, बाहेर पडण्याचा हक्क आहे. तेव्हा उद्या आपल्यापुढे किंवा घरातल्या कोणापुढे असा कागद आला तर घाबरून तो परत करू नका आणि भिडेखातर सहीही करू नका. माहितीपत्रक मराठीतून मागून घ्या, तुलनेच्या गटाला काय मिळणार हे विचारा, आणि प्रयोगाचा नोंदणी क्रमांक उतरवून घ्या. भारतीय नोंदवहीत प्रत्येक प्रयोगाची पूर्वनोंद २००९ पासून सक्तीची आहे, आणि ती नोंदवही कोणालाही पाहता येते.