जुने घड्याळ घेताय? आधी पाठ उघडून पाहा

वाचकहो, बाजारात बैल घ्यायला गेलो तर आपण शिंगांच्या रंगाला भुलत नाही. तोंड उघडून दात पाहतो, खुरांवर नजर टाकतो, चार पावले चालवून घेतो. शिंगे साळून, रंगवून, गोंडे बांधून आणलेल्या बैलाचे खरे वय दातच सांगतात. जुन्या उंची घड्याळाचेही तसेच आहे. वरची चकाकी बोलते एक आणि आतले मशीन सांगते दुसरे.

आता तुम्ही म्हणाल, हा शहरातल्या हौशी लोकांचा नाद, त्याचे आपल्याला काय? तर ऐका. कितीतरी घरांत आजोबांचे फेवर ल्यूबा किंवा एचएमटी घड्याळ ट्रंकेच्या तळाशी पडून असते आणि दारावर आलेला माणूस ते मोडीच्या भावात मागतो. उलट, घरातला कमावता मुलगा मोबाईलवर ‘अस्सल जुने स्विस घड्याळ’ अशी जाहिरात पाहून हजारो रुपये पाठवून मोकळा होतो. एकीकडे वस्तू जाते, दुसरीकडे घामाचा पैसा जातो.

फेवर ल्यूबा ही स्वित्झर्लंडची कंपनी. १८६५ पासून तिचा मुंबईशी व्यापार जुळला, म्हणून तिची घड्याळे आपल्याकडे इतकी दिसतात. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ मध्ये बंगलोरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. कारखाना बंद झाला की जुन्या मालाला मागणी येते आणि अस्सल सुटे भाग मात्र दुर्मिळ होतात. लबाडीला वाट फुटते ती इथेच. चार मोडक्या घड्याळांतून एक उभे करायचे, तबकडी नव्याने रंगवायची, डबीला पॉलिश मारायचे आणि ‘कंपनीचे आहे तसे’ म्हणून विकायचे. अशा भडक रंगाच्या घड्याळांना परदेशातल्या शौकिनांनी ‘मुंबई स्पेशल’ असे नावच पाडले आहे.

मग एखादा भाग बदलला म्हणजे घड्याळ खोटे झाले का? मुळीच नाही. विहिरीवरच्या इंजिनाची रिंग बदलली म्हणून इंजिन खोटे ठरत नाही. काच, पट्टा, आतली मुख्य स्प्रिंग, पाणी अडवणारी रबरी कडी हे झिजणारे भाग आहेत, ते बदलणारच. चावी बदललेली असेल तर किंमत थोडी कमी करून मागा. पण तबकडी, काटे, डबी आणि मशीन हे घड्याळाचे चार खांब. त्यांतला एक बदलला तरी किंमत बरीच उतरते, आणि विकणाऱ्याने ते आधी सांगितले पाहिजे.

घेताना भिंग जवळ ठेवा आणि क्रमाने पाहा.

पहिली तबकडी. कंपनीच्या तबकडीवरची अक्षरे बारीक, रेखीव आणि सारख्या जाडीची असतात. नव्याने रंगवलेल्या तबकडीवर शाई पसरलेली दिसते, मिनिटांच्या रेघा कमी-जास्त अंतरावर पडतात. डबी झिजलेली, पाठीवरची अक्षरे पुसलेली आणि तबकडी मात्र कल्हई केलेल्या भांड्यासारखी लखलखीत, असे दिसले की शंका घ्या. जुन्या तबकडीवरचा थोडा डाग हा दोष नव्हे, तो वयाचा दाखला आहे.

दुसरे काटे. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचला पाहिजे. आखूड पडत असेल तर तो बहुधा दुसऱ्या घड्याळाचा. अंधारात चमकणारा लेपही पाहा. जुन्या घड्याळांत रेडियम असे, साठीच्या दशकापासून ट्रिटियम आले. हे लेप काळाने मंदावतात. साठ वर्षांचे घड्याळ रात्रभर लख्ख चमकत असेल तर लेप नंतर लावला आहे. मात्र रेडियमची चमक गेली तरी त्याचे घातक किरण जात नाहीत, म्हणून असा लेप घरी कधीही खरवडू नका.

तिसरी डबी. वारंवार पॉलिश केलेल्या डबीच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात. सोन्याचे म्हणून सांगितले तर खुणा शोधा. ‘रोल्ड गोल्ड’ किंवा ‘२० मायक्रॉन’ म्हणजे वरचा थर, भरीव सोने नव्हे. थर झिजला की कडेला खालचा धातू उघडा पडतो. खात्रीसाठी सराफाला दाखवा. जुन्या रोलेक्स घड्याळात पट्टा काढला की बाराच्या बाजूला मॉडेलचा आणि सहाच्या बाजूला घड्याळाचा स्वतःचा क्रमांक कोरलेला सापडतो. विकणारा पट्टा काढू देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

चौथे मशीन. पाठ उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या, तबकडी गोंदाने चिकटवलेली किंवा आत कागदाचे तुकडे दिसले तर घड्याळ जोडजमाव केलेले समजा. मशीनवर दुसरेच नाव दिसले म्हणून मात्र लगेच खोटे ठरवू नका, कारण अनेक स्विस कंपन्या मशीन बाहेरून विकत घेत. त्यावरचा क्रमांक उतरवून घ्या आणि ते मशीन त्या मॉडेलमध्ये बसवले जाई का, हे जाणत्या घड्याळजीला विचारा.

लांबून मागवायचे असेल तर पाठ उघडलेला फोटो मागा, कोणते भाग बदललेत ते लिहून घ्या आणि परत घेण्याची अट आधीच ठरवा. ‘लगेच पैसे पाठवा, दुसरे गिऱ्हाईक थांबलंय’ म्हणणाऱ्याला खुशाल त्या दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे जाऊ द्या.

आणि घरच्या घड्याळाविषयी एक सांगणे. ते दुरुस्तीला देताना “तबकडी रंगवू नका, पॉलिश करू नका” असे स्पष्ट सांगा. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून चिठ्ठीसह डबीत ठेवा. जुने बिल, खोका असेल तर जपा. विकायचेच ठरले तर दोन ठिकाणी दाखवून भाव घ्या. नाही विकले, तर साफ करून घ्या, रोज सकाळी चावी द्या आणि घरातल्या पोराच्या मनगटावर बांधा. आजोबांच्या हातावर चाललेले ते घड्याळ पुढची कितीतरी वर्षे चालेल.