फौंटनपेनची शाई

ठाणें-डोंबिवलीच्या घरांतून वाडवडिलांचें फौंटनपेन कपाटांतून निघालें, कीं पहिला प्रश्न शाईचा! बोरूची शाई काजळी व डिंकाची. पेनांत ती सुकली म्हणजे निबाखालच्या जिभलीच्या बारीक खांचा कायमच्या बुजतात. नकाशाची लाखयुक्त शाई तर पेनाचा काळच. हिराकस-माजूफळाची शाई कागदावर टिकते खरी, परंतु तिच्यांतील आम्ल पोलादी निब गंजवितें व गाळहि धरतें. पाण्यांत विरघळणाऱ्या रंगाची साधी निळी शाईच निर्धोक. दांडेकर बंधूंनीं १९३१ सालीं मुंबईंत आरंभिलेल्या उद्योगाची 'कॅमल' शाई कल्याणच्या दुकानांतून पिढ्यान्‌पिढ्या याच कामीं आली. मात्र पावसाळ्यांत सरदलेल्या कागदावर ती फुटते, थेंब पडतांच अक्षर विरतें. दस्तऐवजास ती नको. दोन शाया मिसळूं नयेत. शाई बदलतांना पेन थंड पाण्यानेंच धुवावें. गरम पाण्यानें जुनें एबोनाइट विटतें.