आईचे हृदय आणि वाढलेला भार

धरमपेठेला लागून असलेल्या गोकुळपेठ बाजारात वैशाखाच्या उन्हात भाजी घेताना एखाद्या गरोदर भगिनीस घेरी येते. घरची मंडळी म्हणतात, "दिवस गेलेत, असे व्हायचेच!" हे म्हणणे बहुधा खरे असते, परंतु नेहमीच नाही. हा भेद ओळखता यावा म्हणून गर्भारपणात हृदयाचे कार्य कसे बदलते, हे आपण समजून घेऊ या.

पोट दिसू लागण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या दोन महिन्यांतच हे बदल सुरू होतात. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब किंचित उतरतो आणि नाडी हळूहळू मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी वाढते. रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. एरवी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलणारे हृदय आठव्या महिन्यापर्यंत ७ लिटरच्या आसपास ढकलू लागते. वाढलेल्या रक्तात तांबड्या पेशींपेक्षा द्रवभाग अधिक असतो. म्हणून हिमोग्लोबिन थोडे घटते. शेवटच्या तिमाहीत ते ११ ग्रॅमच्या खाली गेल्यास तो रक्तक्षय समजावा.

नागपूरच्या उन्हाळ्यात त्वचेतील रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात आणि उभे राहिल्यास रक्त पायांत साचते; त्यामुळे घेरी येते. उताणे निजल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो. म्हणून डाव्या कुशीवर निजावे.

जिना चढताना थोडा दम लागणे, सायंकाळी पाय सुजणे हे सहसा स्वाभाविक होय. मात्र रात्री गुदमरून जाग येणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे, किंवा चेहऱ्यावर सूज येऊन डोके तीव्र दुखणे, यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. बालपणी सांध्यांसह हृदयाला बाधणारा संधिवाताचा ताप येऊन गेला असल्यास हृदयाची झडप अरुंद झालेली असू शकते. वर्षानुवर्षे लपून राहिलेला हा दोष कित्येकदा गरोदरपणीच प्रथम उघड होतो. म्हणून अशा आजाराची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

बाळंतपणाने धोका लगेच सरत नाही. गर्भाशय आकसताच तेथील रक्त एकाएकी हृदयाकडे परतते. दुर्बल हृदयाला पहिले एक-दोन दिवस विशेष जपावे लागते.

२०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्यकेंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. तिचा लाभ घ्यावा. आणि रविवारच्या मिस्साला अशी भगिनी उभी दिसल्यास आपण उठून तिला पंख्याखालची जागा द्यावी.