स्पीकर एक, बिट एक: मामाची आरती पुन्हा कशी वाजली

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आजची सुरुवातच कर्कश आहे.

(ऑडिओ: पिप-पिप आवाजात गणपतीच्या आरतीची चाल)

ओळखलीत? ही चाल माझ्या मामाने अकरावीत असताना, १९८९ साली, पुण्यात प्रोग्रॅम लिहून वाजवली होती. कॉम्प्युटर होता डीबी स्पेक्ट्रम. ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लसची ही भारतीय आवृत्ती, पुण्याच्याच डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने काढलेली. मेमरी ४८ केबी. टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर सेव्ह करायचे.

मशीन केव्हाच भंगारात गेलं. कॅसेट मात्र दिवाळीच्या साफसफाईत आमच्या नाशिकच्या घरी, आजीच्या कपाटात सापडली. मामा म्हणाला, "अगं, यावर आता काय वाजणार? टाक ती." मी नाही टाकली.

आधी मी शॉर्टकट मारला. मामाकडून सूर विचारून घेतले आणि लॅपटॉपवर पायथॉनमध्ये वाजवले. मामा ऐकून म्हणाला, "सूर बरोबर आहेत गं, पण हे आमचं नाही. आमचं जरा ठेचकाळत जायचं."

हे ठेचकाळणं म्हणजेच आजचा विषय. म्हणजे काय, ते बघू.

४८ केबीच्या स्पेक्ट्रममध्ये साउंड चिप नव्हतीच. एक छोटा स्पीकर आणि त्याला जोडलेला एकच बिट. बिट १ झाला की स्पीकर एकीकडे, ० झाला की दुसरीकडे. हे बदलायचं काम खुद्द प्रोसेसरचं. झेड-८० प्रोसेसर, सेकंदाला ३५ लाख ठोके. मधला सा, म्हणजे साधारण २६१ हर्ट्झ हवा असेल, तर दर ६,७०० ठोक्यांच्या आसपास बिट उलटवायचा. तेवढा वेळ प्रोसेसर दुसरं काहीच करत नाही. सूर संपला की बेसिकची पुढची ओळ वाचायची, पुढचा आकडा शोधायचा, मग पुढचा सूर. मधल्या त्या क्षणभरात शांतता. मामाचं ठेचकाळणं ते हेच!

म्हणून नुसता आवाज बनवून भागत नाही, अख्खं मशीन बनवावं लागतं. एम्युलेटर म्हणजे जुन्या प्रोसेसरची प्रत्येक सूचना जशीच्या तशी पाळणारा आणि प्रत्येकीला किती ठोके लागले हे मोजणारा प्रोग्रॅम. ठोके बरोबर मोजले की अडखळ आपोआप येते, वेगळी घालावी लागत नाही.

पण त्यासाठी मामाचा मूळ प्रोग्रॅम हवा, आणि तो कॅसेटवर. कॅसेटवरचा डेटाही आवाजच असतो. ० साठी छोट्या लाटा, १ साठी दुप्पट लांब. मी टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडून रेकॉर्डिंग केलं आणि ते एम्युलेटरला ऐकवलं. ए बाजू: टेप लोडिंग एरर. पुन्हा केलं, पुन्हा एरर. टेपचा एक तुकडा चुरगळलेला होता. नशीब, मामाने तोच प्रोग्रॅम बी बाजूलाही सेव्ह केला होता. तो लोड झाला.

वाजला, पण वरचे सूर खरखरीत, बेसूर. ही चूक मशीनची नाही, माझी. फोन किंवा लॅपटॉप सेकंदाला ४४,१०० नमुने वाजवतो. म्हणजे एका नमुन्यात स्पेक्ट्रमचे साधारण ७९ ठोके बसतात. मी त्या ७९ मधला एकच ठोका बघत होते. बिट नेमका कधी उलटला ते त्यात हरवतं आणि मुळात नसलेले सूर ऐकू येतात. फोनवर पंख्याचा व्हिडिओ काढला की पंखा उलटा फिरताना दिसतो ना, तसंच. याला एलियसिंग म्हणतात. उपाय सोपा: ७९ पैकी किती ठोके बिट १ होता ते मोजून सरासरी घ्यायची. २० ठोके असेल तर नमुना साधारण पाव. खरखर पूर्ण जात नाही, पण कान सुखावतो.

ज्या मशीनमध्ये खरी साउंड चिप होती, तिथे खेळ वेगळा. १९८४ साली सुरू झालेल्या क्लास प्रकल्पातून भारतातल्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले. त्यांच्यात एसएन७६४८९ ही चिप: तीन सुरांची चॅनेल, एक नॉइझचं. प्रोसेसरने फक्त आकडा द्यायचा, मोजणी चिप करते. १,२५,००० ला त्या आकड्याने भागलं की हर्ट्झ मिळतात. २८४ दिलात तर जवळजवळ ४४० हर्ट्झ. नॉइझसाठी १५ बिटांची एक साखळी फिरते आणि ३२,७६७ पावलांनी तोच क्रम पुन्हा सुरू होतो. एम्युलेटरमध्ये तिच्याऐवजी कुठलाही रँडम आवाज टाकलात, तर गेममधला स्फोट जाणकाराला लगेच खोटा वाटतो.

आता मुद्द्याची गोष्ट. चिप कशी चालते हे कागदोपत्री आहे. ती आपण दहा वर्षांनीही कोडमध्ये बनवू. पण मामाची कॅसेट जगात एकच. तुमच्या घरी अशी कुणाची असेल, तर 'जुनी गाणी असतील' म्हणून टाकू नका. लावून बघा. किरकिर ऐकू आली तर तो डेटा असू शकतो. दोन्ही बाजू रेकॉर्ड करा, डब्ल्यूएव्ही फाइलमध्येच ठेवा. एमपी३ फाइल छोटी करताना आवाजातले बारकावे काढून टाकतं, आणि इथे बारकावा म्हणजेच डेटा. एक कॉपी दुसऱ्या ठिकाणीही ठेवा. बी बाजूची किंमत मला आता कळली आहे.

शेवटी मामाला फोनवर ऐकवलं. तो काही बोलला नाही, बोटांनी टेबलावर ठेका धरला. तिसऱ्या ओळीवर थांबून म्हणाला, "इथे माझा एक सूर चुकलाय. तेव्हाही चुकला होता."

तो मी दुरुस्त केलेला नाही. पुन्हा ऐका, सापडतो का बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!