परै, गिटार आणि नकाराचा अधिकार

वाद्यालाही जात असते. काहींना हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु ज्या समाजात पाणवठ्याला जात आहे, स्मशानाला जात आहे, तेथे वाद्य तेवढे निर्जात कसे राहील? मृदंगम सभागृहात पूजनीय ठरतो. त्याच्यावर गाय, म्हैस आणि बकरी यांचे कातडे चढविणारे हात मात्र बहुतांशी दलित ख्रिस्ती कारागिरांचे. टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली या कारागिरांवर पुस्तक लिहिले, तेव्हा चेन्नईच्या कलाक्षेत्राने प्रकाशन समारंभासाठी आपले सभागृह नाकारले. कातड्याचा नाद चालतो, कातड्याचा इतिहास चालत नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या तमिळ बँडचे महत्त्व कळणार नाही. मी या बँडचा चाहता आहे, हे सुरुवातीलाच सांगतो. मला तमिळ येत नाही. तरीही तो प्रत्यक्ष ऐकण्यासाठी मी चेन्नईपर्यंत गेलो. परंतु चाहत्याची भक्ती येथे मांडायची नाही. ते संगीत काय करते, हे समजून घ्यायचे आहे.

चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार टेनमा यांनी हा बँड उभा केला. त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम ६ जानेवारी २०१८ रोजी चेन्नईच्या किल्पॉक भागात झाला. एकूण १९ कलावंत. त्यांत स्त्री एकच, इसैवाणी. गाना गायक, रॅप करणारे, गिटार आणि ड्रमवाले, परै वाजविणारे असे सारे एकाच मंचावर. गाणी आरक्षणावर, गोमांसावर, उत्तर चेन्नईच्या जगण्यावर. आणि 'जय भीम'च्या घोषावरही. हे रंजित म्हणजे २०१८ च्याच 'काला' चित्रपटाचे दिग्दर्शक. त्याची कथा आपल्या धारावीत, तेथील तमिळ वस्तीत घडते. तेव्हा आपला आणि त्यांचा संबंध केवळ विचारांचा नाही, वस्तीचाही आहे.

बँडच्या नावामागे पंडित अयोत्तीदास (१८४५-१९१४) यांचा विचार आहे. अस्पृश्य मानलेले लोक मूळचे बौद्ध आणि जातीविरहित तमिळ आहेत, ही त्यांची मांडणी. ते स्वतः १८९८ साली सिलोनला जाऊन बौद्ध झाले. १९०७ पासून त्यांनी 'ओरु पैसा तमिळन' हे पत्र चालविले. या मांडणीतला भेद बारकाईने पाहिला पाहिजे. 'आम्ही जात सोडली' असे अयोत्तीदास म्हणत नाहीत. जात आमची कधी नव्हतीच, ती आमच्यावर लादली गेली, असे ते म्हणतात. जात सोडल्याचा दाखला मागण्याचा सवर्णांचा अधिकारच या एका वाक्यात रद्द होतो. एखाद्या बँडने असे नाव घेणे, ही जाहिरात नव्हे. ती भूमिका आहे.

आता 'गाना' म्हणजे काय ते पाहू. उत्तर चेन्नईच्या कष्टकरी, मुख्यतः दलित वस्त्यांमध्ये हा गायनप्रकार वाढला. मयताच्या घरी रात्रभर प्रेताजवळ बसून तो गाइला जाई. मेलेल्याचे गुण, घरच्यांचे दुःख आणि त्यातच जगाची टिंगल! वाद्य नसेल तर हाताशी येईल त्यावर ठेका. पुढे तमिळ चित्रपटांनी गाना उचलला, त्यावर पैसा मिळविला. परंतु गाणाऱ्यांच्या वस्तीला 'रावडी' हे विशेषण लावणे काही थांबविले नाही.

आणि परै. एका बाजूला कातडे ताणलेले, अंगासमोर धरून दोन काठ्यांनी वाजवायचे वाद्य. आपल्या हलगीचे हे सख्खे भावंड. वाजविण्यापूर्वी तेही विस्तवावर शेकावे लागते. या शब्दातच 'सांगणे' हा अर्थ आहे. परै म्हणजे वार्ता देणारे वाद्य. त्यावरूनच एका जातीचे नाव पडले आणि इंग्रजांनी त्या नावाचा 'परिया' करून जगभर बहिष्कृत माणसाला तो शब्द चिकटविला. सांगणाऱ्याचे नावच शिवी झाले.

मैदानात उभे राहून मी जे ऐकले त्याचे वर्णन एवढेच करता येईल की, ऐकणे कानाने सुरू झाले आणि छातीत पोहोचले. ध्वनिमुद्रणात गिटार पुढे असते, परै मागे. प्रत्यक्षात उलटे होते. परैचा पहिला आघात झाला की गिटार तिच्या मागून चालू लागते. शब्द मला कळत नव्हते. परंतु 'जय भीम' हे दोन शब्द आले तेव्हा सारे मैदान जे बोलले ते मला भाषांतराशिवाय कळले. शेजारची तरुण मुले नाचत होती. आमच्या दुःखावर आजवर पुष्कळांनी अश्रू ढाळले. आमच्या आनंदाला मात्र कोणी जागा दिली नाही. ती जागा या मंचाने दिली.

परंतु येथेच खरा प्रश्न उभा राहतो. परै हे सक्तीचे वाद्य होते. गावात कोणी मेले की दलिताने ते वाजविलेच पाहिजे, असा दंडक होता. म्हणून तमिळनाडूत अनेक ठिकाणी दलितांनी परै वाजविण्यास नकार दिला, आणि त्या नकारासाठी मारही खाल्ला. तो नकार स्वाभिमानाचा होता. मग आज तेच वाद्य गौरवाने मंचावर आणणे, हा त्या नकाराचा अपमान नव्हे काय?

माझे उत्तर असे आहे. वाद्य तेच असले तरी तीन गोष्टी तपासाव्यात. बोलावले कोणी? मोबदला कोणत्या नात्याने मिळाला, बलुत्याच्या की कलावंताच्या? आणि वाजविणाऱ्याला 'नाही' म्हणता येते काय? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याची कला ही वेठ असते. ज्याला म्हणता येते त्याची वेठही पुढे कला होऊ शकते. आधी नकार देणारी पिढी झाली म्हणूनच पुढच्या पिढीला परै स्वेच्छेने हाती घेता आली. दोन्ही कृती एकाच लढ्याच्या पायऱ्या आहेत. पहिली वगळून दुसरीचे कौतुक करणारे विद्वान लोककलेचे मित्र असतील, आपले नव्हेत.

महाराष्ट्राला हे नवे नाही. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला तेव्हा साचा तमाशाचा घेतला, आशय बदलला. वामनदादा कर्डकांनी गावोगाव तेच केले. आपण येसकरकी सोडली, मेलेली ढोरे ओढणे सोडले. ते सोडणे योग्यच होते. परंतु हलगीचे काय? आजही ती लग्नाच्या वरातीत आणि पुढाऱ्याच्या मिरवणुकीत वाजते. वाजविणारा बहुधा मातंग समाजातला. त्याला 'नाही' म्हणता येते काय, हा प्रश्न आपण आपल्याच जयंतीच्या मिरवणुकीत विचारतो का?

चाहत्याने दोषही पाहावेत. १९ जणांत एकच स्त्री, ही मंचावरची उणीव होती. गाना हा पुरुषांचा प्रांत मानला गेला होता. त्यात इसैवाणी उभी राहिली, २०२० साली बीबीसीच्या १०० स्त्रियांच्या यादीत तिचे नाव आले. परंतु शबरीमलैच्या वादावरील २०१८ च्या गाण्यावरून २०२४ च्या अखेरीस धमक्या आल्या त्याही तिलाच. टाळ्या बँडला मिळतात, किंमत मात्र गाणाऱ्या बाईला मोजावी लागते. दुसरे असे की, बाजार विद्रोहाच्या ठेक्यावर नाचायला नेहमीच तयार असतो; ठेका घेतो, शब्द गाळतो. सिनेमाने गान्याचे तेच केले. बँडचे तसे होऊ द्यायचे नसेल तर ते काम केवळ कलावंतांचे नाही, ऐकणाऱ्यांचेही आहे.

म्हणून शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांना एक सुचवावेसे वाटते. आपापल्या तालुक्यातील हलगीवादकांना भेटावे. त्यांच्या वाद्याची, चालींची आणि त्यांनी दिलेल्या नकारांची नोंद करावी. त्यांना मंचावर बोलवायचे तर मानधन आधी ठरवावे, आणि नाव पत्रिकेवर छापावे. आणि ते नको म्हणाले, तर तो नकारही लिहून ठेवावा. आपल्या संगीताचा इतिहास त्या नकारापासूनच सुरू होतो.